मूल कोणाजवळ ठेविले?

कापसाचा हंगाम उभा राहिला म्हणजे राळेगावच्या पेठेतील कित्येक घरे कर्त्या पुरुषावाचून चालू लागतात. कोणी हिंगणघाटास जातो, कोणी वर्ध्यास, कोणी नागपुरास. रुईच्या गाठींचा व सरकीचा सौदा जमेपर्यंत तेथे आठ आठ दिवस मुक्काम पडतो. घरी रांगते मूल असले तरी त्या गृहस्थास वाटेत गाठून, बाबा रे, मूल कोणाजवळ ठेवून आलास, असे कोणी विचारीत नाही. मुलाची आई घरी आहे, आजी आहे, शेजारीपाजारी आहेत. आणि बापाचे परगावी जाणे कुटुंबाच्या पोषणासाठीच आहे, हे सर्वांनी मनात गृहीत धरलेले असते. परंतु तोच प्रवास एखाद्या शिक्षिकेने प्रशिक्षणासाठी केला, एखादी परिचारिका नेमणुकीच्या गावी एकटी राहिली, अथवा एस. टी.ची महिला वाहक मुक्कामाच्या फेरीवर गेली, की ओट्यावर बसलेल्या मंडळींस तो प्रश्न तत्काळ सुचतो. प्रश्न मुळात वाईट नाही. मुलाची चिंता वाहणाऱ्यानेच तो विचारावा. पण बहुधा तो चिंतेने विचारला जात नाही, ठपका ठेवण्यासाठी विचारला जातो.

हा ठपका जिच्या माथी महाराष्ट्राने एका काळी सर्वांत मोठ्या आवाजात मारला, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो. रमाबाईंचे नाव निघाले की आमच्याकडील बहुतेकांस धर्मांतराचा वाद तेवढा आठवतो. त्या वादाच्या दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली आहे व तीत आणखी भर घालण्याची आमची इच्छा नाही. विषयाच्या ओघात जेथे तो आपोआप येईल तेथे येईल. आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते एवढेच की, वयाच्या तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या, जवळचे एकही माणूस न उरलेल्या एका विदुषीने, कडेवरचे मूल व अंगीकारलेले काम ही दोन्ही कशी वाहिली, त्यांपायी काय सोसले, आणि त्या मुलीने काय सोसले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न ब्राह्मण. आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला आणि शेवटी रानात जाऊन घर व पाठशाळा थाटली. रमाबाई सहा महिन्यांच्या होत्या न होत्या तोच ते घरही मोडले व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात निजवून, तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर देऊन, त्यांना डोंगर उतरविण्यात आले. ज्या बाईवर पुढे मुलास घेऊन देशोदेशी हिंडल्याचा दोष आला, तिचा स्वतःचा पहिला प्रवास हा असा झाला होता. आणि तो शास्त्रीबुवांनी धर्मकार्य म्हणून केलेला असल्यामुळे त्यात कोणास काही वावगे दिसले नाही!

लक्ष्मीबाईंविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. यात्रेकरूंचे येणेजाणे, विद्यार्थ्यांचा राबता, सोवळेओवळे, स्वयंपाक, मुलांची दुखणी हे सर्व उरकून त्या माउलीस स्वतःचा म्हणावा असा वेळ उत्तररात्रीखेरीज नसे. म्हणून पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी, ती लहानग्या रमेस उठवी, जवळ घेई आणि श्लोक म्हणवून घेई. भागवताचे सहस्रावधी श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले ते त्या पहाटेच्या शाळेत. संसार आणि विद्या यांचा मेळ घालावयाचा तर स्त्रीने झोपेतून वेळ कापून काढावा लागतो, हे रमाबाईंनी पुस्तकात वाचण्यापूर्वी आईच्या डोळ्यांत पाहिले होते. आपला प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ त्यांनी पुढे आईच्याच स्मृतीस अर्पण केला.

मग दुष्काळ आला. पुराणे सांगून पोट भरणाऱ्या या कुटुंबाजवळचे होते नव्हते ते संपले. प्रथम वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. उरले श्रीनिवास व रमा ही भावंडे. दोघांनी शेकडो कोस पायी तुडविले व १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितसभेने या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु दोनच वर्षांत भाऊही निवर्तला. त्याच १८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हे, प्रांत निराळा, भाषा निराळी. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबिहारी वारले. मूल दहा महिन्यांचेही नव्हते. माहेर दुष्काळाने नेले होते. सासर मिळण्यापूर्वीच जातिभेदाने दुरावले होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून आपल्या घराकडे पाहावे अशी आमची विनंती आहे. आमच्या पेठेतील तरुण व्यापारी हंगामात परगावी राहू शकतो तो काही स्वतःच्या एकट्याच्या बळावर नव्हे. त्याच्या पाठीमागे घर असते. मुलास आंघोळ घालणारे हात, दुखणे आले तर रात्र जागणारे डोळे, रडू लागले तर उचलून घेणारी आत्या असते. या माणसांचा मोबदला त्याच्या खतावणीत कोठेच नावे पडत नाही, म्हणून तो त्यास दिसत नाही इतकेच. रमाबाईंजवळ विद्या होती, वाणी होती, कीर्ती होती. हे घर तेवढे नव्हते.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. रानडे व त्यांची मंडळी यांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला, त्यांची व्याख्याने गाजली, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी शिक्षिका व बायकांसाठी स्त्रीडॉक्टर यांची मागणी स्पष्ट शब्दांत केली. हे सर्व कडेवर वर्षसव्वा वर्षाचे मूल असताना. त्यांच्या विद्वत्तेस माना डोलावणाऱ्यांची पुण्यात वाण नव्हती. परंतु त्या विलायतेस जाऊन वैद्यकी शिकावयाचे म्हणतात आणि पोरीचे काय करावयाचे असा प्रश्न आहे, तेव्हा ती आमच्या घरात आमच्या मुलांबरोबर वाढेल, असे म्हणून कोणी सनातनी वा सुधारक घराने दार उघडल्याचे आमच्या वाचनात नाही. विधवेचे, परजातीत लग्न केलेलीचे मूल सोवळ्याच्या घरात ठेवून घेणे त्या काळी सोपे नव्हते, हे आम्ही जाणतो. पण मग तिने ते कोठे नेले याचा जाब विचारण्याचा अधिकारही त्याच मानाने कमी होतो.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रवासाची आठवण येथे दिल्यावाचून राहवत नाही. ७ एप्रिल १८८३ रोजी डॉक्टरी शिकण्यासाठी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेस निघाल्या. त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन, योग्य औषधोपचारावाचून गेले होते. त्या दुःखातूनच ती वैद्यकीची ओढ उत्पन्न झाली. एकीचे मूल गेले म्हणून ती समुद्र ओलांडून गेली. दुसरी त्याच एप्रिलात, दोन वर्षांच्या मुलीस बरोबर घेऊन, आपल्या स्त्रीधर्मनीति या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज लावून, इंग्लंडास निघाली. मुलीस मागे ठेवण्यास जागा नव्हती, आणि ठेवावी असे आईच्या मनातही नव्हते.

इंग्लंडात वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींचा मठ आहे; त्याच भगिनींची एक शाखा पुण्यास असल्यामुळे ओळख होती. हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे व त्याबद्दल राहण्याजेवण्याची सोय व्हावी, असा करार होता. रमाबाई तेथे आश्रित म्हणून नव्हे, तर आपल्या विद्येची किंमत देऊन राहिल्या, हे ध्यानात ठेविले पाहिजे. पण दैवाने एकामागून एक आघात केले. कानाच्या दोषामुळे वैद्यकीचे शिक्षण त्यांना बंद झाले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्या परक्या देशात आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात एकच गिल्ला झाला.

पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात, डोरोथिया बील या कर्तबगार बाईंच्या हाताखाली, रमाबाई स्वतः शिकू लागल्या व इतरांस संस्कृत शिकवू लागल्या. या वर्षांत मुलीचे पुष्कळसे संगोपन वाँटेजच्या भगिनींकडे, विशेषतः जेराल्डिन नावाच्या भगिनीकडे आले. रमाबाई त्यांना आपल्या मराठी रीतीने आजीबाई म्हणत. आमच्या मते या एका संबोधनात पुष्कळ अर्थ साठला आहे. जे नाते घरात उरले नव्हते ते त्यांनी परमुलखात, परभाषेतल्या माणसास नाव देऊन उभे केले.

पण मानलेल्या आजीचे व आईचे पटेना. मुलीस धर्माचे कोणते पाठ द्यावे, हे मठाने ठरवावे की आईने? मठाचे म्हणणे असे की, मूल आमच्या शिस्तीत आहे, आमच्या पंथात आहे, तेव्हा आईने मध्ये पडून गोंधळ करू नये. आईचे म्हणणे असे की, मी मूल सांभाळावयास दिले आहे, देऊन टाकलेले नाही. ख्रिस्ती झाल्या तरी रमाबाई कोणा धर्माधिकाऱ्याची आज्ञा बुद्धीला न पटता मानणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांनी पुरुषवर्गास शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांनी सुचविले तेव्हाही त्यांनी तसाच करडा जबाब दिला होता. शिवाय आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की होती. मुलगी इंग्लंडात वाढली तरी तिने मडम होऊ नये. तिने आपल्या देशाची, आपल्या माणसांतली एक म्हणूनच राहावे. इकडे पुण्यात म्हणत, बाईने पोरीला साहेबाच्या घरात बुडविली. तिकडे मठात म्हणत, बाईच्या हट्टापायी पोरीचे वळण बिघडते. दोन्ही तीरांवरून एकाच आईवर दगड पडत होते.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई मुलीस घेऊन अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात होता व त्यास हजर राहण्याचे आमंत्रण होते. जावे, समारंभ पाहावा व परत यावे, असा बेत होता. परंतु तेथे गेल्यावर रमाबाईंच्या ध्यानात आले की, हिंदुस्थानातील बालविधवांसाठी आपल्या मनात जे घर काढावयाचे आहे, त्यास लागणारा पैसा व पाठिंबा इंग्लंडातील मठातून मिळणारा नाही. तो येथे, या नव्या देशात, गावोगाव फिरून, लोकांपुढे उभे राहून मिळवावा लागेल. काम एका वर्षाचे नव्हते. आज या शहरी, परवा त्या, रात्र आगगाडीत, दिवस परक्या घरी. पाच वर्षांच्या मुलीस अशा भ्रमंतीत ओढून नेणे म्हणजे तिची शाळा, झोप व प्रकृती या तिहींची नासाडी.

तेव्हा त्यांनी तो निर्णय घेतला, ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे. मनोरमेस परत इंग्लंडास, आजीबाईंकडे, पाठविले. ज्यांच्याशी मुलीच्या वळणावरून भांडण झाले होते त्यांच्याच हाती मुलगी दिली, कारण मुलीवर माया करणारे दुसरे कोणी जगाच्या पाठीवर नव्हते. मध्ये अटलांटिक महासागर ठेवून मायलेकी सुमारे दोन वर्षे अशा राहिल्या, आणि त्या काळात त्यांना जोडणारा दुवा म्हणजे पत्रे. आगबोटीच्या टपालाची वाट पाहणे काय असते ते आजच्या पिढीस कळणे कठीण आहे. मुलाचा चेहरा हातातल्या यंत्रावर पाहता येतो असा हा काळ आहे. त्या काळी मुलीस ताप आल्याची बातमी आईस कळावयाची ती ताप उतरून गेल्यावर.

याच काळात रमाबाई अमेरिकेत लहान मुलांस खेळातून शिकविण्याची फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धती शिकत होत्या. इतरांची चार-पाच वर्षांची मुले कशी रमवावी, कशी बोलती करावी, याचे धडे त्या घेत होत्या. आणि स्वतःची त्याच वयाची मुलगी समुद्रापलीकडे होती. या गोष्टीवर अश्रू ढाळणारे भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतो. बाई स्वतः तसले प्रदर्शन करणाऱ्या नव्हत्या. १८८७ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचा, फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाला. त्यास आनंदीबाईंच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांची प्रस्तावना होती. ग्रंथाच्या हजारो प्रती खपल्या. आनंदीबाई मात्र तो पाहावयास नव्हत्या. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीस पुण्यात त्यांचा अंत झाला. १३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व दहा वर्षेपर्यंत विधवागृहाचा खर्च चालविण्याचे तिने पत्करले. त्यानंतरही दौरा थांबला नाही. बाई पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, सान फ्रान्सिस्कोपर्यंत गेल्या. तेथून १८८८ च्या अखेरीस जपानमार्गे निघून १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरल्या. एकट्या स्त्रीने, परक्या भाषेत बोलून, असा पृथ्वीला वळसा घालणारा प्रवास केल्याचे उदाहरण त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरे नाही.

आता आमचे मत. मनोरमेस त्या दोन वर्षांत आईचा विरह सोसावा लागला, तो खराच होता, आणि आईचे कार्य थोर होते म्हणून मुलीचे रडणे लहान होत नाही. सुधारकांची चरित्रे लिहिणारे बहुधा हे वाक्य गाळतात. आम्ही गाळणार नाही. पाच वर्षांच्या मुलास असोसिएशन म्हणजे काय, बालविधवा म्हणजे काय, हे समजत नाही. त्यास आई नाही एवढे समजते. परंतु याचा दोष सर्वस्वी आईच्या पदरी घालणाऱ्यांस आम्ही विचारतो की, त्याच काळात देशकार्यासाठी, नोकरीसाठी, व्यापारासाठी वर्षानुवर्षे घराबाहेर राहिलेल्या थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचता, त्यांत त्यांच्या मुलांचा उल्लेख किती ओळींचा असतो? मुले तेथेही होती. त्यांचेही वडील त्यांना अनोळखी झाले. पण त्या चरित्रांत घर सांभाळणारी बाई पडद्याआड उभी होती, म्हणून हिशेब जुळल्यासारखा दिसला. रमाबाईंच्या घरी पडद्याआड कोणी नव्हते. जी जागा आमच्या समाजाने मोकळी ठेविली ती परक्या मठाने भरली, आणि मग मठाने आपल्या अटी घातल्या, याचे आम्हांस नवल वाटत नाही. जो मूल सांभाळतो तो त्यास वळण लावतो, हा सृष्टीचा नियम आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदा सदन उघडले. समारंभाचे अध्यक्षस्थान काशीबाई कानिटकरांनी भूषविले. पुढल्याच वर्षी सदन पुण्यास आले. येथे येणाऱ्या मुली बहुधा अल्पवयीन विधवा. त्यांना राहणे, जेवण, शिक्षण व मायेची माणसे एके ठिकाणी मिळावी अशी रचना होती. सदनात आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचाच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई कर्वे, सर्वांच्या बाया कर्वे, म्हणून प्रसिद्धीस आल्या. यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, हीही लहान मुलगा पदरी असताना विधवा झालेली. ती शिकली, आणि पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव एकटी हिंडली. १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना, अमेरिकेपर्यंत गेली. पार्वतीबाईंस बहिणीच्या घरचा आधार होता. रमाबाईंना जे मिळाले नाही ते रमाबाईंच्याच सदनात शिकलेल्या एका बाईच्या घराने दुसरीस दिले, हा योग वाचकांनी ध्यानात घ्यावा.

१८९३ साली सदनातील धर्मशिक्षणावरून वाद पेटला. रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा त्याग केला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची त्यात बाजू निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. धर्माविषयी तटस्थ राहण्याचे जे अभिवचन होते ते पाळले गेले नाही, असे त्यांच्या चाहत्यांपैकीही अनेकांस वाटले. असो.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई पुन्हा प्रवासास निघाल्या, आणि या वेळी आमच्या बाजूस. त्या काळी आमचा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई व तो वऱ्हाडात मोडे. १९०५ साली त्यास यवतमाळचे नाव मिळाले. वर्धा नदीच्या पलीकडे मध्यप्रांत लागे. त्या मध्यप्रांतात अन्नछत्रांच्या व गरीबखान्यांच्या भोवती आईबाप मेलेल्या मुली कोणत्या अवस्थेत पडल्या होत्या, आणि त्यांना कोण कोठे नेत होते, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिले. स्वतः दुष्काळात अनाथ झालेल्या त्या. त्यांना ते पाहून घरी बसवेना. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध आल्यामुळे त्यांना दौंडाच्या वाटेवरील केडगाव येथे नेले. तेथे बाईंनी आधीच जमीन घेतली होती. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शेती, गोठा, सर्व बायकाच चालवीत; मोठ्या झालेल्यांनी लहानांस सांभाळावे असा तेथला रिवाज होता. ज्या आईस एका मुलीसाठी घर सापडले नव्हते तिने असे घर बांधले की, तेथील कोणीही कामासाठी बाहेर गेली तरी तिच्या मागे मूल उघडे पडू नये. आमच्यातल्या व्यवहारी माणसांस हे अधिक पटेल म्हणून सांगतो, की हे केवळ दयाधर्माचे काम नव्हते. शेतीचे उत्पन्न, छपाईचे काम, कापड, दूध यांचा जमाखर्च तेथे ठेविला जाई.

आणि मनोरमा? ज्या मुलीविषयी दोन खंडांतील लोकांनी भाकिते केली होती, ती शिक्षणासाठी पुन्हा इंग्लंड-अमेरिकेत राहून आली, मुंबई विश्वविद्यालयाची पदवीधर झाली, शारदा सदनाच्या शाळेची मुख्य झाली, आईचा उजवा हात होऊन मुक्तीचा कारभार पाहू लागली, आणि दूर गुलबर्ग्यासही तिने मुलींची शाळा काढली. आईच्या ग्रंथसंग्रहात व पत्रव्यवहारात तिचीच मदत असे. ती मडम झाली नाही. आईने वाँटेजच्या मठाशी भांडून जे राखू पाहिले ते राखले गेले. यावरून त्या दोन वर्षांची भरपाई झाली की नाही याचा हिशेब आम्ही मांडीत नाही. तो मांडण्याचा अधिकार एकट्या मनोरमेचा, आणि तिने तो जगापुढे मांडला नाही. आपल्या कामाची सूत्रे मुलीच्या हाती जावी अशी रमाबाईंची आशा होती. पण २४ जुलै १९२१ रोजी, चाळीस वर्षांची असताना, मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई हातातले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुरे करीत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, काम संपता संपता, केडगावी त्यांनी देह ठेविला. मुक्ती मिशन आजही तेथे चालू आहे.

हे चरित्र आम्ही राळेगावच्या वाचकांपुढे ठेविले ते काही जुन्या वादाची धूळ उडविण्यासाठी नव्हे. आमच्या तालुक्यातून आज कित्येक स्त्रिया सकाळच्या गाडीने यवतमाळास, कळंबास, वडकीस नोकरीवर जातात. काहींस महिन्यातून दोन-चार रात्री बाहेर काढाव्या लागतात. एकत्र कुटुंबे मोडली, सासू असली तर तीही शेतात किंवा स्वतःच्या नोकरीवर असते. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांपुरती. तीन वर्षांच्या आतील मुलास दिवसभर सांभाळणे हे तिचे काम नव्हे. सन २०१७ मध्ये प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेने पाळणाघर ठेवावे व आईस दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे, असे ठरले. चांगली गोष्ट. परंतु लहान गावातील दुकाने, दवाखाने व शाळा यांची नोकरसंख्या पन्नासाच्या जवळपासही जात नाही. म्हणजे कायदा गावाच्या वेशीपर्यंत आला व तेथेच थबकला.

एकट्या दुकानास जे झेपत नाही ते पेठेने मिळून करावे अशी आमची सूचना आहे. बसस्थानकापासून जवळ एक मोठी, हवेशीर खोली. दोन जाणत्या, पगारी बाया. पाण्याची व दुधाची सोय. सकाळी पहिल्या गाडीच्या आधी उघडणारे व शेवटची गाडी आल्यावर बंद होणारे दार. आणि मुक्कामाच्या रात्रीसाठी निराळी व्यवस्था. नगर पंचायतीने जागा द्यावी, बाजार समितीने व जिनिंगच्या मालकांनी हंगामातील उलाढालीतून वार्षिक रक्कम बांधून घ्यावी, आणि मूल ठेवणाऱ्या आईबापांनी ऐपतीप्रमाणे फी भरावी. आईबापांनी असे आम्ही मुद्दाम लिहिले आहे. फी भरण्याचे व मुलास सोडण्या-आणण्याचे काम बापाच्याही वाट्याचे आहे. हंगामात हिंगणघाटास मुक्काम टाकणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस हिशेब शिकवावयास नको. सरकीच्या एका सौद्यात वाटाघाटीत जाणारी रक्कम आणि दोन बायांचा वर्षाचा पगार यांची तुलना त्यांनी स्वतःच करून पाहावी. दसरा झाला की कापूस पेठेत येऊ लागतो, आणि मग कोणास सभेसाठी सवड सापडत नाही. म्हणून सभा त्यापूर्वीच बोलवावी. त्या सभेस परगावी जाणाऱ्या बायांपैकी निदान चौघींस बोलावून, खोली कोठे व वेळ कोणती हे प्रथम त्यांना विचारावे.